उसण नव्हती ती

माझा जन्म उलटा झाला. डोकं यायच्या जागी आधी पाय आले, आणि त्या पायांनी आजवर माझी पाठ सोडलेली नाही. अशा माणसाला पायाळू म्हणतात. पायाळूने पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, हे कनेरगाव नाक्यापासून हिंगोलीपर्यंत कोणालाही विचारा, शपथेवर सांगेल. पायाळूवर वीज पडते, पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीत पुरलेलं धन दिसतं, असंही सांगतात. माझ्यावर वीज पडली नाही आणि धनही दिसलं नाही. उसणवाले तेवढे दिसत राहिले.

लहानपणी त्यात मजा वाटायची. गावातली मोठमोठी माणसं आमच्या उंबऱ्यात पाठ करून बसायची आणि मी सात-आठ वर्षांची पोर त्यांच्या कमरेला डावा पाय तीनदा लावायची. सकाळी, उपाशीपोटी. घ्यायचं काही नाही, आणि पाय लावून घेणाऱ्याने मागे वळून न बघता निघून जायचं, अशी रीत. पुढे मी बारावी सायन्स केलं, लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, आणि मला या प्रकाराची लाज वाटायला लागली. पण नाही म्हणता आलं नाही. एखादी बाई कमरेवर हात ठेवून कळवळत दारात उभी असते. तिला हे सगळं थोतांड आहे म्हणून सांगायला जी छाती लागते, ती माझ्याकडे नाही. पाय लावायला आपलं काय जातं, असं म्हणत मी लावत आले.

आता हिंगोलीत माझी स्वतःची छोटी लॅब आहे. पुढच्या खोलीत रक्त काढायचं, मागच्या खोलीत तपासायचं. पुढच्या दाराने रिपोर्टवाले येतात, मागच्या दाराने उसणवाले. हळद काढायच्या दिवसांत मागचं दार जास्त चालतं. वाकून वाकून हळद उपटायची, शिजवायची, वाळत घालायची. त्या दोन महिन्यांत या जिल्ह्यात ज्याची कंबर दुखत नाही तो कामचुकार समजावा.

माझ्या या दोन दारांवरून मला सगळ्यात जास्त कोणी चिडवलं असेल तर ते चाचांनी. चाचा माझ्या नात्यातले नाहीत. कोर्स संपल्यावर मी शिकाऊ म्हणून ज्या लॅबमध्ये लागले, तिथले ते सीनियर टेक्निशियन. सुई कशी धरायची इथपासून सगळं मी त्यांच्याकडे शिकले. त्यांना मूलबाळ नाही. घरी ते आणि चाची, दोघंच. कोणी विचारलं तर मला पोरगी म्हणून सांगायचे, आणि माझी चूक झाली की पोरगीसारखंच झापायचे.

चाचांचे दोन हट्ट होते. पहिला लिहिण्याचा. नमुन्याच्या नळीवर, रजिस्टरमध्ये, कागदावर, जे लिहायचं ते खरं लिहायचं. चुकलं तर खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर ते लिहायचं आणि बाजूला सही करायची. एकदा मी एका नळीवरचं नाव गिरवून दुरुस्त केलं, तर त्यांनी ती नळी फेकून दिली आणि पेशंटला परत बोलवायला मलाच पाठवलं. उन्हात अर्धं गाव पालथं घालून मी त्या माणसाला शोधून आणलं होतं. मनातल्या मनात चाचांना दिलेल्या शिव्या मला अजून आठवतात.

दुसरा हट्ट लघवी उकळण्याचा. तेव्हा बाजारात पट्ट्या आलेल्या होत्या. पट्टी लघवीत बुडवली की प्रोटीन आहे की नाही ते मिनिटात रंगावरून कळतं. चाचा पट्टी वापरायचे, पण शंका आली की स्पिरिटचा दिवा पेटवून नळी उकळायचेच. गढूळ झाली तर ॲसिडचे थेंब टाकायचे, मग बघायचे. आणि बघून झाल्यावर नळी धुवायला द्यायचे नाहीत. म्हणायचे, "थांब. थंड होऊ दे."

"काहून चाचा? झालं की बघून."

"एक प्रोटीन असं असतंय बेटा, कोमट केलं की दिसतंय, उकळलं की पळून जातंय, थंड झालं की परत येतंय. पट्टीला ते सापडत न्हाई. जो थांबला त्यालाच दिसतंय."

"तुम्हाला किती वेळा दिसलं?"

"सगळ्या नोकरीत दोनदा."

दोनदा दिसलेल्या गोष्टीसाठी आम्ही हजारो नळ्या थंड होईपर्यंत ताटकळलो. स्वतःची लॅब टाकल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर तो दिवा कपाटात टाकून दिला.

रिटायर झाल्यावर चाचांनी वारंगा फाट्याच्या बाजूला दोन एकर जमीन घेतली आणि त्यात हळद लावली. आयुष्यभर खुर्चीत बसून मायक्रोस्कोपमध्ये डोळा घातलेला माणूस, सत्तरीला टेकल्यावर शेतकरी झाला. त्या वर्षी हळद काढताना त्यांची पाठ धरली. आम्ही सगळे हसलो. चाची म्हणाल्या, "मजूर लावले तर ह्यांचं मन भरत न्हाई, सोता वाकतेत." पाठ दोन आठवडे झाले तरी सुटेना. त्यांनी मेडिकलवरून दुखायच्या गोळ्या आणल्या, कुठेतरी चार-सहा इंजेक्शनंही घेतली. मला यातलं काही सांगितलं नाही.

मग एका सकाळी ते मागच्या दाराने आले.

चाचा मागच्या दाराने आले यातच मला सगळं कळायला पाहिजे होतं. मी लॅब टाकल्यापासून ते कधी त्या दाराने आले नव्हते. टोपी हातात घेऊन उभे राहिले, इकडे तिकडे बघितलं, आणि म्हणाले, "चहा घेऊन आलो न्हाई."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि मी पोट धरून हसले. उपाशीपोटी आले होते. ज्या माणसाने मला 'पायाळू टेक्निशियन' म्हणून चारचौघांत हाक मारली, तो माणूस माझा पाय लावून घ्यायला उपाशीपोटी आला होता.

"हसून घे," ते म्हणाले. "चाचीनं पाठवलं. सगळं करून झालं, आता हे बी करून बघू."

"चाचा, मी तुम्हाला पाय कसा लावू? माझे गुरू तुम्ही."

"मग गुरूचं ऐक. लाव."

ते उंबऱ्यात पाठ करून बसले. मी चप्पल काढली, डावा पाय त्यांच्या पाठीला लावला. पहिल्यांदा नुसता टेकवला. दुसऱ्यांदा जरा. तिसऱ्यांदा, जसा शेकडो लोकांना लावलाय तसा, हलकेच दाबला. त्यांच्या पाठीतून एक बारीक आवाज आला. वाळलेली काडी मोडावी तेवढाच. चाचांनी श्वास रोखून धरला, डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून हूं की चूं नाही. नंतर दाराची चौकट धरून उठले. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला, गुरूला पाय लावला म्हणून. ते म्हणाले, "राहू दे, राहू दे," आणि रीतीप्रमाणे मागे न बघता गेले.

दुपारी चाचीचा फोन आला. डावी बरगडी मोडली होती.

मी लॅब बंद करून त्यांच्या घरी गेले. चाचा पट्टा बांधून पलंगावर बसलेले. चाची म्हणाल्या, "बाथरूममधी पाय घसरला म्हणं." मी चाचांकडे बघितलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि सरळ सांगितलं, "व्हय. फरशीवर साबण होता." एक्स-रेचं मोठं पाकीट पलंगावर पडलं होतं. त्यावर बरगडी बघणाऱ्या डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं मी वाचलं: बाथरूममध्ये पडल्याने बरगडीला मार.

आता खरं सांगते. त्या वेळी मला हायसं वाटलं. मोठ्याने सांगायची हिंमत नव्हती आणि चाचांनी माझी सुटका केली. लॅबवाली बाई मागच्या खोलीत लोकांच्या पाठीत लाथा घालते आणि बरगड्या मोडते, हे गावभर झालं असतं तर पुढचं दार पण बंद झालं असतं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याला मी मनात 'चाचांची इच्छा' असं नाव दिलं.

पुढे रोजे सुरू झाले. चाचीने आणि मी पुष्कळ सांगितलं की मोडलेल्या बरगडीने रोजा धरू नका, आजारी माणसाला सूट असते. ऐकतील तर ते चाचा कसले. पहाटे सहेरीला दुखायची गोळी, संध्याकाळी रोजा सोडताना दुखायची गोळी. चार-पाच दिवसांत त्यांचा घसा सुकायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भर दुपारी रोजा मोडला, माठाशी उभं राहून तांब्यामागून तांब्या पाणी प्यायले आणि लेकरासारखे रडले. चाचीने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या पण रडत होत्या.

मी त्यांची शुगर तपासली. नॉर्मल. पोट साफ होत नव्हतं; रोज्यात तसं होतं. जेवण जात नव्हतं, त्याचंही तेच. थकवा होता, वय झालं. विसरायला लागले, वय झालं. एका दुपारी मला म्हणाले, "साहेब आले का?" कोण साहेब, तर वीस वर्षांपूर्वी बदलून गेलेले लॅबचे साहेब. चाची माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, झोप झाली नसेल.

आज मागे वळून बघते तर मला त्याचाच राग येतो. प्रत्येक तक्रारीला आमच्याकडे तयार उत्तर होतं. पाठ दुखते, हळद काढली. बरगडी मोडली, घसरून पडले. तहान लागते, रोजे आहेत. विसरतात, म्हातारे झाले. एकेक उत्तर घ्या, कोणीही मान डोलावेल. सगळी एकत्र मांडायचं कोणाच्या मनात आलं नाही. मी तर लॅब चालवते, माझ्या तरी मनात यायला हवं होतं.

माझ्या लॅबच्या वरच्या मजल्यावर एक फिजिशियन बसतात. तरुण, शांत माणूस. मला ताई म्हणतात. मी चाचांना त्यांच्याकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं, रक्त-लघवी लिहून दिली. मीच तपासली. हिमोग्लोबिन थोडं कमी, त्या वयाला चालतं. ईएसआर थोडा जास्त, तोही चालतो. रक्तातलं एकूण प्रोटीन नॉर्मल. लघवीची पट्टी एकदम स्वच्छ, प्रोटीन नाही. फक्त क्रिएटिनिन दोनच्या वर गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुखायच्या गोळ्या आणि कमी पाणी, दोन्हींनी किडनीवर ताण आलाय. गोळ्या बंद करा, रोजे बंद करा, आठवड्याने परत बघू. त्यांचं काही चुकलं नाही. समोर जो कागद होता त्यावरून कोणीही तेच म्हटलं असतं.

आठवड्याने चाचीने त्यांना रिक्षातून परत लॅबमध्ये आणलं. क्रिएटिनिन आणखी वर. चाचा माझ्या मागच्या खोलीत स्टुलावर बसले. चेहरा सुकलेला, नजर कुठेतरी लांब. मी त्यांच्या लघवीत पट्टी बुडवली.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"काही नाही चाचा. नील."

"उकळलीस?"

मी वैतागलेलीच होते. पुढे आठ माणसं रक्त द्यायला बसलेली, चाची खुर्चीत डोळे पुसत असलेल्या, आणि यांना उकळायचं सुचतंय. मी म्हटलं, "चाचा, आता कोणी उकळत नाही."

"साहेबांनी बघितलं तर बोलतील," ते म्हणाले. "उकळ बेटा."

त्यांना वाटत होतं आम्ही जुन्या लॅबमध्येच आहोत. मी शिकाऊ आहे आणि काम टाळतेय. त्यांचं मन राखायचं म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, मी कपाटातून दिवा काढला. स्पिरिट घातलं, पेटवला, नळी चिमट्यात धरली.

नळी कोमट झाली तशी गढूळ झाली.

मी जरा सावध झाले. पट्टी नील आणि नळी गढूळ. क्षार असतील, मी मनात म्हटलं. ते असले तर ॲसिडने जातात. ॲसिडची बाटली शोधेपर्यंत नळी उकळायला लागली आणि ॲसिड न टाकताच गढूळपणा गेला. पाण्यासारखी स्वच्छ झाली. मला वाटलं, बरं झालं, काही नाही. मी नळी बेसिनकडे नेली.

"थांब," चाचा म्हणाले. "थंड होऊ दे."

मी नळी स्टँडला लावली. पुढच्या खोलीत जाऊन दोघांचं रक्त काढलं. परत आले तेव्हा चाचा स्टुलावर वाकून त्या नळीकडेच बघत बसले होते. नळी पुन्हा गढूळ झाली होती.

ती नळी कोणाची आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी फक्त बोट दाखवलं आणि म्हणाले, "तिसरी."

मी ती नळी घेऊन वर गेले. हाडांच्या मगजाच्या ज्या आजारात लघवी अशी वागते, त्याची शंका बोलून दाखवली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "ताई, उकळण्याच्या टेस्टवर आता एवढा भरवसा ठेवत नाहीत. पट्टी निगेटिव्ह आहे, रक्तातलं प्रोटीन नॉर्मल आहे, ईएसआर फार नाही. तुमच्या मनात जो आजार आहे त्यात हे सगळं सहसा वाढतं. हाडं ठिसूळ होतात हे खरं, पण त्यांची बरगडी तर पडल्यामुळे मोडली."

एक्स-रेचं पाकीट त्यांच्या टेबलावर होतं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

मी त्या ओळीकडे बघत राहिले. बाहेर पेशंट खोकत होते. मी आता गप्प बसले तर आणखी आठवडा जाईल, आणि त्या आठवड्यात चाचांच्या किडन्या जातील, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"ते पडले नव्हते," मी म्हटलं. "मी पायाळू आहे. त्यांची उसण उतरवायला मी पाय लावला होता. माझ्या पायाने मोडली."

मला वाटलं ते हसतील, नाहीतर ओरडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"किती जोरात?"

"जोरात नाही हो."

"मला दाखवा."

मी चप्पल काढली आणि त्यांच्या टेबलाजवळच्या खुर्चीच्या पाठीला पाय लावला. तीनदा. तिसऱ्यांदा जसा दाबला होता तसा. प्लास्टिकची हलकी खुर्ची होती. जागची हलली नाही.

डॉक्टर त्या खुर्चीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढ्याने बरगडी मोडत नाही, ताई. मोडली याचा अर्थ ती आधीच गेलेली होती. हे तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी कॅल्शियम तपासायला सांगितलं. माझ्याकडे ते रोज होत नाही. मी दोनदा लावलं, कारण पहिला आकडा इतका जास्त होता की मला खरा वाटला नाही; दुसराही तेवढाच आला. हाडांतलं कॅल्शियम विरघळून रक्तात येत होतं. तहान त्याची होती. पोट त्याने धरलं होतं. 'साहेब आले का' हेही त्यानेच विचारलं होतं. रोज्याचा आणि वयाचा काही संबंध नव्हता.

त्याच दुपारी आम्ही नांदेडला निघालो. तिथे सलाईन लावून आधी कॅल्शियम उतरवलं. कवटीचा एक्स-रे काढला तर त्यात बारीक बारीक गोल भोकं. मणक्यांतले दोन दबलेले. आजाराचं नाव मल्टिपल मायलोमा. हाडाच्या मगजात रक्त बनतं, तिथल्या एका जातीच्या पेशी माजतात आणि नको ते प्रोटीन तयार करत सुटतात. बहुतेकांच्यात ते रक्तात साठतं आणि साध्या तपासणीत पकडलं जातं. चाचांच्यात त्या प्रोटीनचे छोटे तुकडेच बनत होते. ते रक्तात न थांबता लघवीतून निघून जायचे आणि जाता जाता किडनी बंद पाडायचे. म्हणून माझे सगळे रिपोर्ट सज्जनासारखे नॉर्मल आले होते.

कॅल्शियम उतरलं तसे तीन दिवसांत चाचा चाचा झाले. सलाईन लावणाऱ्या सिस्टरला सुई कशी धरायची ते शिकवायला लागले. मगज तपासायला कमरेतून सुई घातली तेव्हा ओठ चावून पडून राहिले, आणि झाल्यावर तिथल्या डॉक्टरांना म्हणाले, "स्लाइड मला दाखवा." त्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी व्हीलचेअरवरून त्यांना मायक्रोस्कोपपाशी नेलं. चाचांनी चष्मा काढला, डोळा लावला, डाव्या हाताने सवयीने स्क्रू फिरवला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बराबर आहे." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून आले.

त्यांची ईद नांदेडलाच झाली. चाचीने डब्यातून शीरखुर्मा आणला आणि वॉर्डातल्या सगळ्यांना वाटीवाटीने दिला.

यालाही आता बरेच महिने झाले. किडन्या पूर्ण सुधारल्या नाहीत, पण डायलिसिसची वेळ आली नाही. आणखी दोन आठवडे गेले असते तर आली असती, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. आजार मुळापासून जात नाही, हेही त्यांनी सांगितलं. दाबून ठेवता येतो, परत डोकं वर काढतो, परत दाबायचा. दर आठवड्याला पोटात एक इंजेक्शन, बरोबर गोळ्या. चाचांनी हळदीचं शेत बटाईने, वाट्यावर कसायला दिलं. त्यावरून चाची आणि ते रोज भांडतात, कारण बटाईवाला खत बरोबर टाकत नाही म्हणे.

मागचं दार मी बंद केलेलं नाही. उसणवाले अजून येतात. पण आता मी आधी वय विचारते, किती दिवसांपासून दुखतं ते विचारते, पडून राहिल्यावर थांबतं का ते विचारते, तहान, पोट, वजन, सगळं विचारते. ज्याचं उत्तर मला पटत नाही त्याला पुढच्या दाराने ये म्हणते. लोक कुरकुरतात. एका म्हातारीने तोंडावर सांगितलं, "बाई लई शिकली, तिच्या पायातला गुण गेला." गेला तर गेला.

चाचा दर महिन्याला तपासणीला येतात. मोठ्या तपासण्या नांदेडला होतात. माझ्याकडे ते फक्त नळी उकळायला येतात. त्याचा वैद्यकीय उपयोग फार नाही, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक आहे. मी दिवा आता कपाटात ठेवत नाही.

गेल्या महिन्यात आले ते हातात जुन्या एक्स-रेचं पाकीट घेऊन. मी नळी उकळून स्टँडला लावली. थंड व्हायला वेळ होता. चाचांनी ते पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं.

"तू डॉक्टरला सांगितलंस म्हणं. चाची म्हणत होती."

"सांगितलं."

"काहून सांगितलं? तुझ्यावर आलं असतं ना. म्हणून तर मी पडलो म्हणालो."

मला एकदम राग आला. इतके दिवस साठलेला होता. मी म्हटलं, "चाचा, एका नळीवर नाव गिरवलं म्हणून तुम्ही मला उन्हात गावभर फिरवलं होतं. आणि स्वतःवर खोटी चिठ्ठी लावून बसलात? सहा आठवडे? मरायला लागला होतात तुम्ही!" पुढच्या खोलीतली माणसं गप्प झाली, एवढ्या जोरात मी बोलले.

चाचांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. पाकिटावरच्या त्या ओळीवर, 'बाथरूममध्ये पडल्याने' या शब्दांवर, फूटपट्टी न लावता सरळ एक रेघ मारली. एकच. खालचं वाचता येत होतं. वर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं: 'पडलो नाही. पोरीचा पाय लागला.' बाजूला सही केली. मग पाकीट माझ्याकडे सरकवलं.

"तू बी कर. तू बी लपवलंस."

मी त्यांच्या सहीखाली सही केली.

"आता नळी बघ," ते म्हणाले.

नळी स्वच्छ होती. मी ती उचलून उजेडात धरली, त्यांना दाखवली आणि बेसिनकडे वळले.

"थांब," चाचा म्हणाले. "अजून कोमट आहे."

मी नळी परत स्टँडला लावली, दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसले.